सागरेश्वरची फुलपाखरं: आधी झाड, मग पंख

सांगली-साताऱ्यात फुलपाखरं बघायची म्हटलं की गाडी आपसूक पश्चिमेला वळते. कास, कोयना, चांदोली. जास्त पाऊस म्हणजे जास्त रान आणि जास्त रान म्हणजे जास्त फुलपाखरं, असा सरळ हिशेब. तो चुकीचा नाही, पण त्यात कोरड्या बाजूची फुलपाखरं कायमची राहून जातात. ती घाटात सहसा भेटत नाहीत, कारण त्यांच्या अळ्यांचं खाणं घाटात फारसं उगवत नाही. ती बघायला एक दिवस सागरेश्वरला द्यावा. काय बघायचं, कुठे थांबायचं आणि बहुतेकांचा दिवस कशामुळे वाया जातो, ते इथे लिहीत आहोत.

सागरेश्वर अभयारण्य कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवर आहे. क्षेत्रफळ अवघं १०.८७ चौरस किलोमीटर, घोषणा १९८५ ची. एकेकाळी उघड्याबोडक्या असलेल्या या टेकड्यांवर माणसांनी झाडं लावली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली. त्यामागे स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांची धडपड होती. रेल्वेने यायचं तर मिरज-पुणे मार्गावरचं ताकारी स्टेशन जवळचं. तिथून देवराष्ट्र्याकडे जाणारा रस्ता धरायचा. कराडहून गाडीने निघालात तर तासाभराचा रस्ता समजा.

हे लावलेलं रान आहे, ही गोष्ट फुलपाखरं बघणाऱ्याला महत्त्वाची. एकाच जातीची झाडं ओळीने उभी आहेत, खाली नुसता पाचोळा आहे, अशा ठिकाणी दोन तास फिरलात तरी वहीत चार नावं येणार नाहीत. बोर, वाघाटी, टेंभुर्णी, बाभूळ, त्यांवर चढलेले वेल आणि मध्ये गवताची मोकळी जागा अशी सरमिसळ दिसली की पाय तिथे रोवायचे. मोठ्या झाडांच्या दाट सावलीपेक्षा झुडपांची ही कड कितीतरी पटीने श्रीमंत असते.

तारीख ठरवताना

कोरड्या भागात सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. त्याचं कारण हिशेबात आहे. बहुतेक जातींची अंडी ३ ते ५ दिवसांत फुटतात, अळी दोन ते तीन आठवडे खाते आणि कोष एक-दोन आठवडे राहतो. म्हणजे एका पिढीला महिना ते सव्वा महिना. जूनच्या पावसाने झाडांना कोवळी पालवी फुटते, जुलैत पहिली पिढी उडते, ऑगस्टअखेर दुसरी, ऑक्टोबरात तिसरी. प्रत्येक पिढीत संख्या वाढत जाते. त्यातच आपल्याकडे परतीचा पाऊस चांगला पडतो, त्यामुळे पालवी दुसऱ्यांदा फुटते. म्हणून दसऱ्याच्या आसपासचा आठवडा हाती असेल तर तोच धरा. डिसेंबरनंतर गवत वाळतं, पानं जून होतात आणि संख्या झपाट्याने उतरते.

दिवस निवडताना आदल्या दोन दिवसांत पाऊस पडून गेलेला आणि त्या दिवशी ऊन असलेलं, हे सगळ्यात उत्तम. आभाळ भरलेलं असेल तर फुलपाखरं पानांखाली जाऊन बसतात आणि माणूस त्यांच्या हातभर अंतरावरून काही न दिसता निघून जातो. आभाळ येत-जात असेल तर निराश होऊन परत फिरू नका, तिथेच थांबा. ऊन पडलं की पाच-दहा मिनिटांत सगळं रान पुन्हा हलायला लागतं.

पहाटे जायची सवय इथे मोडावी लागते. पक्षी बघणारे सहाला हजर असतात आणि तीच सवय फुलपाखरांना लावतात. मग आठपर्यंत काहीच दिसत नाही, नवाच्या सुमाराला भूक लागते, आणि नेमका खरा वेळ सुरू होतो तेव्हा मंडळी पोह्यांच्या गाडीवर असतात. फुलपाखराचं अंग थंड असतं. छातीतले उडायचे स्नायू साधारण ३० अंशांपर्यंत तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. साडेआठच्या आत ते पंख उघडून उन्हात बसलेलं सापडलं तर सापडतं. साडेआठ ते साडेअकरा हा भरीचा वेळ. न्याहारी करूनच आत शिरा.

सोबत काय

प्रत्येकी दोन लिटर पाणी. ऑक्टोबरचं ऊन सागरेश्वरच्या उघड्या चढावर चांगलंच लागतं. पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, पूर्ण पँट आणि घोट्यापर्यंत येणारे बूट. या बाजूला घोणस आणि फुरसं दोन्ही असतात. आपण फुलपाखरावर नजर ठेवून चालतो, पायाकडे लक्ष नसतं, म्हणून पायवाट सोडायचीच नाही. गुडघाभर गवतात उतरलात तर गोचीडही अंगावर चढतात. एक वही, पेन्सिल, आणि ८ बाय ४० ची दुर्बीण, शक्यतो दोन मीटरच्या आतलं स्पष्ट दाखवणारी. ही शेवटची अट फार लोक विसरतात. पक्ष्यांसाठी घेतलेल्या पुष्कळ दुर्बिणींना चार मीटरच्या आतलं धूसर दिसतं, आणि फुलपाखरू नेमकं तीन मीटरवर बसतं. खिशात तासगावचा मूठभर बेदाणा टाका. प्लास्टिकच्या पुड्या आत नेऊ नका.

जाळी आणू नका. अभयारण्यात परवानगीशिवाय कुठलाही जीव पकडणं गुन्हा आहे. शिवाय जाळीत फडफडलेल्या फुलपाखराच्या पंखांवरचे खवले झडतात आणि झडलेले खवले पुन्हा येत नाहीत.

झाड कसं वाचायचं

आता मुख्य गोष्ट. फुलपाखराच्या मागे धावून दमणारा माणूस आणि एका झाडापाशी उभा राहून वीस जाती मोजणारा माणूस यांच्यात फरक एवढाच, की दुसऱ्याला अळी काय खाते हे ठाऊक असतं. फुलपाखरू मध प्यायला कुठल्याही फुलावर जाईल, पण अंडी मात्र ठरलेल्याच वनस्पतीवर घालील. ‘दुर्मीळ’ म्हणून ज्याची ख्याती आहे ते आपल्या झाडापाशी अगदी नेमाने सापडतं.

सुरुवात सापसंदेपासून करा. हिला ईश्वरीही म्हणतात. कुंपणावर किंवा झुडपावर चढणारा बारीक वेल, पानं लांबट, एकाच वेलावर वेगवेगळ्या रुंदीची, चुरगळली की उग्र वास. फळ वाळून फुटलं की उलट्या लटकलेल्या टोपलीसारखं दिसतं, आणि एकदा ती टोपली ओळखता आली की वेल लांबूनही कळतो. क्रिमसन रोझची अळी हिच्याच पानांवर वाढते. काळे पंख, पुढच्या पंखांवर दोन पांढरे पट्टे, मागच्या पंखांवर लाल चंद्रकोरी आणि डोकं व पोट रक्तासारखं लाल. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या जुन्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच रांगेत, याचं नाव होतं. सापसंदेतलं विष अळीच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच ते घाई करत नाही. संथ, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, झुडपांच्या आतबाहेर करत एखादं जाताना दिसलं तर ती बहुधा वेल शोधणारी मादी असते. तिच्या मागे पाच-सहा मीटर अंतर ठेवून चाला. ती पानांवर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान चाखते आणि पुढे जाते. एखाद्या पानावर पोट वाकवलं की जागा लक्षात ठेवा, ती लांब जाऊ द्या, मगच जवळ जा. तांबूस अंडं आणि जवळपास बहुधा काळपट, लाल गाठींची अळीही दिसेल. हात लावायचा नाही, पान तोडायचं नाही.

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. कॉमन मॉरमॉनच्या माद्यांचा एक प्रकार हुबेहूब क्रिमसन रोझसारखा दिसतो. त्यांच्या अंगात विष नसतं, नुसता वेश घेतलेला असतो. पंख बघून ओळखायला जाल तर फसाल. अंग बघा. लाल असेल तर क्रिमसन रोझ, काळं असेल तर मॉरमॉनची मादी. उडतानाही मॉरमॉन जास्त झपाट्याने, झटके देत उडते. तिची अळी लिंबू आणि कडीपत्त्यावर वाढते, म्हणजे आपल्या परसातच. लाइम बटरफ्लायची अळी याच कुळातल्या बेलावरही असते. महादेवाच्या देवळापाशी बेल दिसला तर त्याची कोवळी पालवी खालून वर एकदा न्याहाळा. चिमणीच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा तुकडा पानावर चिकटलेला दिसेल तर तीच लहान अळी. मोठी झाली की तीच हिरवीगार होते.

जुन्या पहिल्या परिशिष्टातलं दुसरं नाव डॅनेड एगफ्लाय. याची अळी घोळीवर वाढते. होय, तीच घोळ, जी बाजारात जुडीने मिळते आणि जिची आंबट भाजी आपण डाळ घालून करतो. कायद्याने वाघाच्या बरोबरीला बसवलेल्या फुलपाखराचं खाणं बांधावर तण म्हणून खुरपून टाकलं जातं, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला सांगावी अशी आहे. नर काळा मखमली, प्रत्येक पुढच्या पंखावर एक मोठा आणि एक लहान, मागच्या पंखावर एक असे पांढरे ठिपके आणि त्यांच्याभोवती निळी-जांभळी झाक. तो जमिनीवरच्या दगडावर किंवा बुटक्या झुडपावर ठाण मांडून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हुसकावतो आणि फिरून त्याच जागी येतो. त्यामुळे उडून गेला तर पाठलाग करू नका. तिथेच गुडघ्यावर बसून राहा, दोन-तीन मिनिटांत परत येईल.

मादी मात्र केशरी, आणि थेट प्लेन टायगरसारखी. रुईवर वाढणारा प्लेन टायगर कडू आणि विषारी असतो, ही त्याची नक्कल करते. दोन्ही एकाच टेकडीवर उडत असतात आणि नवख्यांच्या यादीत एगफ्लायची मादी कधीच येत नाही, कारण प्रत्येक केशरी फुलपाखराला ते प्लेन टायगर म्हणून पुढे जातात. मागच्या पंखाच्या मधोमध बघा. प्लेन टायगरला तिथे काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार. एगफ्लायच्या मादीला तिथे काहीच नसतं, एकच काळा ठिपका वरच्या कडेला. दहा ‘प्लेन टायगर’ नीट तपासले की त्यात कधीतरी एगफ्लायची मादी निघतेच.

वाघाटीचं काटेरी झुडूप सापडलं तर अर्धा तास तिथेच काढा. पायोनियर, कॉमन गल, ग्रेट ऑरेंज टिप ही सगळी पांढरी-पिवळी मंडळी तिच्यावर अंडी घालतात. ही वेगवान असतात आणि उडताना एकमेकांसारखीच दिसतात. ती येऊन बसतील त्या फांदीसमोर आपण आधीच उभं असणं, हाच उपाय. टेंभुर्णीखाली बॅरोनेट बघा, तांबूस केशरी, जमिनीलगत घिरट्या घेत कुजक्या फळांवर बसणारं. खाजकोलतीवर जोकर. ही खाजकोलती म्हणजे शेंगांची खाजकुयली नव्हे, ही बारीक वेल आहे आणि तिच्या पानांनाच खाज असते, त्यामुळे ओळखण्यासाठी हात लावू नका. टाकळा आणि बहाव्यावर एमिग्रंट, कोरांटीवर लेमन पॅन्सी, रतनपुरुषावर टॉनी कॉस्टर, चित्रकावर झेब्रा ब्लू, चिंचेवर ब्लॅक राजा. वडा-पिंपळाच्या कोवळ्या पानांवर कॉमन क्रो आणि त्याचा चांदीसारखा लखलखणारा कोष. तो कोष सकाळच्या तिरक्या उन्हात बघायला मिळाला तर पुढचं काही दिसलं नाही तरी दिवस सार्थकी लागला म्हणावं.

बोरीपाशी नजर आणखी बारीक करावी लागते. कॉमन पियरो आणि त्याच्या भाऊबंदांच्या अळ्या पानांच्याच रंगाच्या, चपट्या आणि नखाएवढ्या असतात. त्या शोधू नका, मुंग्या शोधा. या कुळातल्या पुष्कळ अळ्यांच्या पाठीतून गोडसर थेंब येतो, आणि तो चाटण्यासाठी मुंग्या त्यांच्याभोवती राखणदारासारख्या फिरतात. बोरीच्या शेंड्यावर मावा नसताना मुंग्या एकाच पानापाशी रेंगाळत असतील तर त्या पानावर अळी आहे असं समजून भिंगाने बघा.

दिवसाचा क्रम

साडेआठला पूर्वेकडच्या उतारावर जा. ऊन तिथे आधी येतं आणि रात्रभर गारठलेली फुलपाखरं पंख पसरून तिथेच शेकत असतात. पॅन्सी, कॉस्टर, टायगर यांचे फोटो काढायची हीच घटका, कारण अंग तापेपर्यंत ती जागची हलत नाहीत. साडेनऊ ते अकरा झुडपांची कड आणि फुलं. घाणेरी हे परदेशी तण असलं तरी मधासाठी तिच्यावर गर्दी होते. एकदांडीच्या फुलांवर, अगदी पायाशी, ग्रास ज्युवेल बघायला विसरू नका. पंखांचा पसारा जेमतेम १५ मिलिमीटर, भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. उभं राहून ते दिसत नाही. पोटावर आडवं व्हावं लागतं.

अकरानंतर चढायला लागा. टेकडीच्या माथ्यावर नर जमतात. माद्या तिकडे जोडीदार शोधायला येतात म्हणून प्रत्येक नर सगळ्यात उंच झुडूप किंवा खडक बळकावून बसतो. ब्लॅक राजासारखी ताकदीने उडणारी जात बघायची तर खालच्या रानात दिवसभर भटकण्यापेक्षा माथ्यावर एकपर्यंत बसून राहणं शहाणपणाचं. माथ्यावरून खाली कृष्णेचं पात्र आणि उसाचे हिरवे चौकोन दिसतात. भाकरी तिथेच सोडून खा.

एक ते तीन ओलीकडे. सागरेश्वरात बारमाही झरा नाही, प्राण्यांसाठी पाणवठे केलेले आहेत. पाणवठ्याच्या कडेची ओली माती, गळणाऱ्या पाइपाखालचा चिखल, हरणांच्या ताज्या लेंड्या, अशा जागी नर घोळक्याने बसून क्षार शोषतात. फुलांच्या मधात सोडियम जवळजवळ नसतं आणि समागमात ते मादीला द्यायचं असतं, म्हणून ही धडपड. घोळका दिसला की दहा मीटरवर थांबा, बसा आणि बसूनच पुढे सरका. घोळका एकदा उडाला तरी तीच माती त्यांना पुन्हा खेचून आणते. पाणवठ्यावर प्राणी येत असतील तर मात्र आपण उठून बाजूला व्हायचं. जागा त्यांची आहे.

काही लोक कुजकं केळं किंवा अननस ठेवून राजा आणि नवाब ही फुलपाखरं बोलावतात. घरच्या शेतात खुशाल करा. अभयारण्यात नको, माकडं आणि हरणं त्याच्या वाटेला लागतात. उंबराखाली सडलेली फळं पडलेली असतात, तीच आपली खानावळ.

चारनंतर ऊन तिरकं झालं की स्किपर ही लहान, झटक्यात उडणारी फुलपाखरं बाहेर पडतात, आणि अगदी कातरवेळेला कॉमन इव्हनिंग ब्राउन पाचोळ्यातून उठतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याची दोन्ही रूपं भेटतात. पावसाळी रूपाच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठिपके ठसठशीत असतात. हिवाळी रूपाचे ठिपके जवळजवळ पुसलेले आणि रंग वाळल्या पानाचा. दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवू नका. गेट बंद होण्याच्या अर्धा तास आधी परतीला लागायचं.

फोटो आणि नोंद

जवळ जाताना तीन गोष्टी सांभाळा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, वरून झुकू नका, आणि आडवं सरकू नका. सरळ रेषेत, खालच्या पातळीवरून, सावकाश. फुलपाखराला बारीकसारीक आकार फार दिसत नाहीत, पण हालचाल लगेच कळते. कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर ठेवा, नाहीतर अर्धा पंख धूसर येतो. एफ ८, शटर किमान १/५००, आयएसओ ४०० ते ८००, एवढ्यावर सकाळच्या उन्हात काम होतं. मोबाइल असेल तर अगदी नाकाशी नेऊ नका. दोन पट झूम करून हातभर अंतरावरून काढा.

पहिला फोटो पंखांच्या खालच्या बाजूचा. वरची बाजू सुंदर असते म्हणून सगळे तिची वाट बघत बसतात, तोवर ते उडून जातं आणि ओळख कायमची राहून जाते. निळी लहान फुलपाखरं आणि पिवळी ग्रास यलो यांची ओळख जवळजवळ पूर्णपणे खालच्या बाजूवर ठरते. ग्रास यलोच्या पुढच्या पंखाखाली, मुळाशी शिरांनी वेढलेल्या चौकटीत बारीक काळपट खुणा असतात. तीन असतील तर थ्री-स्पॉट, दोन असतील तर कॉमन, एकही नसेल तर स्पॉटलेस किंवा स्मॉलकडे बघा. खुणा दिसत नसतील तर ‘ग्रास यलो, जात अनिश्चित’ असं लिहा. खोट्या नोंदीपेक्षा अर्धी नोंद कितीतरी बरी.

मोजायचं असेल तर पोलार्ड पद्धत सोपी आहे. ठरलेली पायवाट, सारखा मंद वेग, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच चौकटीतलं मोजायचं. बाहेरचं कितीही सुंदर असलं तरी मोजायचं नाही. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, जात, संख्या, आणि ते कुठल्या वनस्पतीवर काय करत होतं. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि अभ्यासाला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच. २०२० पासून देशभर सप्टेंबर हा बिग बटरफ्लाय मंथ म्हणून पाळला जातो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकायच्या तर तो महिना चांगला. घाटातल्या नोंदींचा ढीग असतो, कोरड्या तालुक्यांच्या जागी नकाशा रिकामा दिसतो.

आणि घाट?

ज्यांना राज्य फुलपाखरूच बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळी, कोणी नीलवंत म्हणतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटिमीटर, अळी माकडलिंबू आणि लिंबाच्या जातींवर. ते ओल्या रानाचं आहे, चांदोली-कोयनेच्या बाजूला सहज दिसतं. पण चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं, आणि व्याघ्र प्रकल्प असल्याने आत मनासारखं पायी फिरता येत नाही. गाडीतून फुलपाखरं बघणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून पुस्तक वाचण्यासारखं. त्यापेक्षा मणदूरच्या वाटेवरचे गावओढे बघा. कासला फुलांच्या हंगामात जाणार असाल तर उघड्या सड्यावर फार अपेक्षा ठेवू नका. १२०० मीटर उंचीवरचा वारा आणि धुकं फुलपाखराला टिकू देत नाही. बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, झाडीच्या आडोशाला ती भेटतात.

परतीच्या वाटेवर

सागरेश्वरहून उतरलात की शेतं लागतात, आणि फुलपाखरं तिथेही संपत नाहीत. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना फळ पोखरणारी अळी चांगली ठाऊक आहे. ती ग्वावा ब्लू नावाच्या फुलपाखराची. उलट तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण छळतो, आणि एप फ्लाय नावाच्या करड्या, साध्या फुलपाखराची अळी पिठ्या ढेकणांवरच जगते. पानं न खाता किडे खाणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या जगात मोजक्याच आहेत. तिचा कोष जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा आणि समोरून माकडाच्या तोंडासारखा दिसतो. बांधावरच्या झाडाला पिठ्या ढेकूण लागलेला दिसला तर त्या पांढऱ्या कापसात भिंगाने बघा. औषध मारायच्या आधी बघा.

घरी फुलपाखरू आणायचं असेल तर बाग लागत नाही. पानफुटीची एक कुंडी पुरते. पान मातीवर आडवं टाकलं की कडेने रोपं फुटतात. कुंडी सकाळचं ऊन येईल अशी ठेवा, पाणी आठवड्यातून दोनदा, कीटकनाशक अजिबात नाही. रेड पियरोची मादी आली तर अंडी पानावर घालते आणि अळी पानाच्या आत शिरून आतला गर खाते, त्यामुळे बाहेर काहीच दिसत नाही. एखादं जाड पान पारदर्शक, फुगलेलं आणि खाली काळी विष्ठा साठलेलं दिसलं की रोग पडला म्हणून ते तोडू नका. पान उजेडासमोर धरल्यासारखं खालून बघा, आत हलताना दिसेल.